वेणूबाईचे गुरुवार

६ फेब्रुवारी
ह्यांचं तेरावं काल झालं. आज पुन्हा माणसं! थळचे रावजी आले होते. होडीचं इंजिन चोरल्याचा आळ होता त्यांच्यावर, ह्यांनी वकील म्हणून सोडवलं होतं. ओट्यावर बसून रडले. "कोठडीत आले नि पहिलं इचारलं काय, तर जेवलास का!"
ते माझं वाक्य होतं. सत्तावीस वर्षं दारात चपला काढता काढता मला विचारायचे, "जेवलीस का?" मला वाटायचं, हे फक्त घरात.

७ फेब्रुवारी
तेजस्वी पुण्याला परत गेली. निघताना म्हणाली, "आई, बाबा सगळ्यांचे होते."
मला सगळ्यांचे नको होते.

९ फेब्रुवारी
प्रणय वकील फायली न्यायला आले. गरीब आरोपींना सरकारतर्फे मोफत वकील मिळतो, ते काम हे आणि प्रणय मिळून करायचे. सगळ्यात जाड फाईल कुणा वेणूबाईची. नवऱ्याला विहिरीत ढकलल्याचा आरोप. चार वर्षं आत. भेटायला ह्यांच्याशिवाय कोणी नाही. फाईलवर ह्यांच्या अक्षरात – "दर गुरुवारी."
तर ही ती! गुरुवारी हे उशिरा यायचे. विचारलं की, "तुरुंगात काम होतं. ते दाराबाहेर राहू दे, गोदू." आणि लगेच कोलंबी सोलायला बसायचे माझ्याशेजारी. तेजस्वी लहान असताना तिच्या वेण्या हेच घालायचे. तिचा एक वाढदिवस चुकवला नाही. तक्रारीला जागाच ठेवली नाही माणसाने!
प्रणय म्हणाले, "सरांनी शेवटचा युक्तिवाद केला, आणि दोन दिवसांनी गेले. निकाल अठराला आहे."

१४ फेब्रुवारी
जळते आहे मी. दुसरा शब्द नाही. गेलेल्या नवऱ्यावरून, तुरुंगातल्या बाईवर! इथे लिहिलं, म्हणजे कोणाला सांगावं लागणार नाही.

१८ फेब्रुवारी
कोर्टात गेले. तिला बघायलाच गेले, खोटं कशाला लिहू? माझ्याच वयाची, पण वाळलेली, केस पांढरे. निर्दोष सुटली! तिला कळलंच नाही, प्रणयनी दोनदा सांगितलं. मग कागदावर सही केली – सावकाश, एकेक अक्षर.
मी कोण ते कळल्यावर पायाच पडायला लागली. "वैनी, ही सही सायबांनी शिकवली. अंगठा लावू नको म्हनायचे. आन् मी रडाया लागले की गानी म्हनायचे."
गाणी? हे? माझ्यासमोर एक ओळ कधी गुणगुणले नाहीत!
तडक निघाले. रिक्षात रडले. हे गेल्यापासून पहिल्यांदा नीट रडले.

१९ फेब्रुवारी
दुपारी प्रणयचा फोन. ती आज पाचला तुरुंगातून बाहेर येणार. तिच्या भावाला कळवलं, तर तो म्हणाला, "हितं नको."
मला काय त्याचं? फोन ठेवला.

२० फेब्रुवारी
काल पाच वाजता तुरुंगाच्या दारात मीच होते. वेणूबाई तेजस्वीच्या खोलीत आहे. तेजस्वी फोनवर ओरडली. ओरडू दे. राग माझाही गेलेला नाही. सकाळी वेणूबाई झाडू शोधत होती. हातातून काढून घेतला, चहा दिला.
"बस," म्हटलं. "पहिल्या गुरुवारापासून सांग."