पांढरं म्हणायचं घर

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठकीस आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा खोकला गेला हे वाचून जीव भांड्यात पडला. इथे माणसं धडधाकट आहेत, घराचा मात्र अवतार झालाय. तुझ्या बाबांनी अखेर आपलं घर बाहेरून रंगवायला काढलं. जन्मभर लोकांची घरं रंगवली आणि आपल्या भिंतींना पोपडे, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं मी लग्न झाल्यापासून ऐकवत आले. तेव्हा ह्यांना कान नव्हते. आता हाताशी काम कमी, तर पायाला भिंगरी लागलीय. उठले की खरवडणी घेऊन भिंतीला भिडतात. चहा थंड होतो, मी गरम.

काम मात्र गिऱ्हाइकाकडे करतात त्याहून काकणभर सरसच चाललंय. पोपडे खरवडले, भिंती धुतल्या, मागच्या बाजूची बुरशी औषधाच्या पाण्याने घासून काढली. भेगा उकरून भरल्या, घासल्या, वरून तळवा फिरवला आणि पुन्हा घासल्या. मी विचारलं की अहो, रंगच द्यायचा ना? तर म्हणाले, रंग सगळ्यात शेवटी, खरं काम त्याच्या आधीच संपलेलं असतं. अस्तराचा हातही देऊन झाला.

पण घोडं अडलं ते पुढे. रंग ठरला पांढरा, आणि दुकानातला पांढरा ह्यांना पिवळट दिसतो. दोन वेळा डबे परत नेले, दुकानदाराशी तोंड वाजवून आले. मग म्हणाले, मीच सुधारतो. सगळे डबे एका पिंपात ओतून एकजीव करायची ह्यांची पद्धत तुला माहीत आहे, म्हणजे एक भिंत दुसरीहून वेगळी दिसत नाही. त्या पिंपात ह्यांनी निळ्या रंगाचा अर्क सोडला, कपड्यांना नीळ देतात तसा, पिवळेपणा मारायला. थेंब टाकला, ढवळला, मान हलवली, पुन्हा टाकला. बाटली संपली तरी ह्यांचं समाधान होईना, दुसरी फोडली.

तुझे काका वर चढायला बांबूंची परांची बांधायला आले होते. त्यांनी पिंपात डोकावून सांगितलं की दादा, आता थांब, हा निळा झालाय. झालं! नाकाला मिरच्या झोंबल्या. हे म्हणाले, रंग मला शिकवतोस? माझ्या जागेवर तुझा डोळा आहे, मला घरी बसवून धंदा एकट्याला हवाय. ठके, ज्या भावाबरोबर उभा जन्म एका फळीवर उभं राहून काम केलं, त्याला हे असं बोलले. भावोजींनी परांचीची शेवटची गाठ मारली. ब्रश धुतले, सायकलला अडकवले आणि गेले.

मग हे माझ्याकडे वळले, आणि विचारलं की तू सांग, कसा दिसतो. पिंपात आभाळ भरून ठेवलं होतं गं. पण ह्यांचा चेहरा बघितला आणि तोंडातून निघून गेलं, पांढरा आहे की. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. स्वयंपाकघरातून ओट्यावर, ओट्यावरून स्वयंपाकघरात नुसती चाललेली असते. तुला म्हणून सांगितलं. पत्रात उल्लेख करशील तर बेताने कर, टपाल हेच उघडतात.

खोकल्याला जप, आणि मला वेडी म्हणायचं असेल तर मायेने म्हण.

तुझी आई

•

ता. ९ फेब्रुवारी

ती. आईस, ठकीचा सा. न. वि. वि.

हे पत्र शेजारच्या मास्तरीणबाईंच्या पत्त्यावर घातलंय. त्या हसत हसत हातात देतील, तू कानकोंडी होऊ नकोस. वेडी तर म्हणतेच, मायेने म्हणते.

आई, काविळीच्या डोळ्यांना जग पिवळं दिसतं असं तूच म्हणतेस ना? मग दुकानदाराचा पांढरा पिवळा कसा झाला याचा विचार तुम्ही कोणी केला नाही? मागच्या खेपेला बाबा आले तेव्हा एका पायात काळा मोजा आणि दुसऱ्यात गडद निळा होता. मी चेष्टा केली, तर म्हणाले दोन्ही काळे आहेत, तूच नीट बघ. माझ्या जांभळ्या शालीला ते चॉकलेटी म्हणत होते. मला वाटलं, मुद्दाम चिडवतायत. बाबांचे डोळे बिघडलेत आई, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नाही.

त्यांना ताबडतोब डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने. काही निमित्त काढ, तुला निमित्तांची कधी वाण पडली नाही. आणि परांचीवर एकटं चढू देऊ नकोस. काकांना बोलाव. खरं बोलला तो एकटा माणूस तुम्ही घालवलात आणि आता घरभर गोड बोलणारेच उरलेत, त्यात तू पहिली. मला राग आलाय, खोटं कशाला बोलू? माझ्याकडे परीक्षा तोंडावर आहेत, रजेचं नाव काढलं की हेडबाई छताकडे बघतात. वर्गात शिकवताना शब्द विसरते. उलट टपाली कळव.

रागावलेली असले तरी तुझीच,
ठकी

•

ता. १ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद. वि. वि.

घर रंगवून झालं. भावोजी आले नाहीत. मी दोनदा त्यांच्या दारात जाऊन आले. चहा दिला, चौकशी केली, पण म्हणाले की दादाने बोलावलं तरच येईन. ह्यांचं पालुपद असं की ज्याला गरज असेल तो येईल. दोघं एकाच मुशीतले, कुणाच्या नावाने बोटं मोडू?

गल्लीतले शिंपीदादा अधूनमधून परांची धरायला यायचे, बाकी हे एकटेच वर. सकाळी मावळतीकडची भिंत, ऊन फिरलं की उगवतीकडची, कारण तापल्या भिंतीवर रंग फसतो. एकदा भिंत धरली की या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत थांबायचं नाही, थांबलं की सांधा दिसतो. मी खाली मान वर करून उभी, ह्यांचा पाय फळीच्या कडेशी गेला की मी खालचा बांबू धरायची. दोन हात दिले. आणि ठके, काय रंगवलंय! ब्रशची रेघ नाही, ओघळ नाही, खिडक्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या. सगळं कसं एकसारखं, आणि सगळं निळं.

आता माझं पाप ऐक. खाली उतरल्यावर हे रस्त्यापलीकडे जाऊन कमरेवर हात ठेवून किती वेळ घराकडे बघत उभे राहिले. असे खूश मी ह्यांना फार दिवसांत पाहिले नव्हते. मग मी मागच्या दाराने सुटले आणि गल्लीत घरोघर सांगत फिरले की कोणी विचारलं तर पांढरं म्हणा. मास्तरीणबाई, शिंपीदादा, पोस्टमन, सगळ्यांनी मान डोलावली. पोस्टमनने तर स्वतःहून ह्यांना थांबवून सांगितलं की पांढरंशुभ्र घर दिसतंय, लांबून डोळे दिपतात. एवढं सांगायला कोणी सांगितलं होतं त्याला?

डॉक्टरांकडे नेलं. माझेच डोळे तपासायचेत म्हणून सोबत नेलं आणि तिथे ह्यांना खुर्चीत बसवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पिकत आलेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हळूहळू पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं होत जातं, माणसाला कळतही नाही. ऑपरेशनचं ऐकून ह्यांनी एकच विचारलं, शिडी चढता येईल ना. पुढच्या आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. नीट होईल म्हणतात. माझा जीव त्यापुढे टांगणीला लागलाय. नीट झालं की हे घर बघतील. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झालीय.

तुझा राग उतरला असला तर दोन ओळी लिही, नसला तरी लिही.

तुझी आई

•

ता. ५ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

राग उतरलेला नाही, पण पोस्टमनचं वाचून वर्गात हसू फुटलं आणि मुलं घाबरली.

आई, ऑपरेशनच्या आधी सांग. आज सांग. स्वतःच्या डोळ्यांनी बघून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळलं तर कमी लागेल. त्यांना निळ्याचं दुःख होणार नाही, चार डब्यांत ते झाकता येतं. आपल्या माणसांनी आपल्याला लहान मूल समजून खेळवलं, ते लागेल. आणि त्याच वेळी आठवेल की काकांना आपण काय बोललो. मी तिथे असते तर मीच सांगितलं असतं, असं लिहिते आहे खरं, पण समोर बाबांचा चेहरा असता तर माझीही जीभ वळली असती का, कोण जाणे. म्हणून तुला दटावण्याचा मला फारसा हक्क नाही. तरी सांगच.

खिडकीत उभी राहून टपालाची वाट बघते आहे.

ठकी

•

ता. १५ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद. वि. वि.

ऑपरेशन छान झालं. सांगायचं मात्र राहिलं. रोज सकाळी ठरवायची आणि रोज संध्याकाळपर्यंत पुढे ढकलायची, तुझी आई ती अशी.

काल पट्टी निघाली. रिक्षातून उतरले आणि फाटकाशीच थबकले. घराकडे बघत राहिले. मला विचारलं की हे निळं का दिसतंय. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की नव्या डोळ्याला सुरुवातीला सगळं जरा निळसर दिसतं, मग सवय होते. बुडत्याला काडी मिळाली गं. मी तेच सांगितलं. हे बरं म्हणाले. मग खिशातून डोळ्यावरच्या पट्टीचा कापूस काढला, भिंतीला लावून धरला आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटून बघितलं. नव्या डोळ्याला भिंत निळी दिसली, कापूस मात्र पांढरा तो पांढराच राहिला. रंगाऱ्याला कोण फसवणार? मी तिथेच रडायला लागले आणि सगळं सांगून टाकलं. शेवटी काय, ज्याला उशीर होऊ नये त्यालाच झाला.

ओरडले असते तर बरं झालं असतं. ओट्यावर बसून राहिले. रात्री जेवले, ताट धुतलं, निजले. आज सकाळी काळा चष्मा घालून कुठेसे निघून गेलेत, दुपार झाली तरी पत्ता नाही. शिंपीदादा सायकल घेऊन शोधायला गेलेत. मी दारात बसून तुला लिहिते आहे, कारण हात रिकामे ठेवून बसवत नाही. बाहेर जरा खुट्ट झालं की पेन टाकून उठते. पत्र तसंच बंद करून पाठवते. घाबरू नकोस.

आई

•

ता. १७ मार्च

चि. ठकीस बाबांचे आशीर्वाद. वि. वि.

आईच्या पत्राने तू घाबरली असशील, म्हणून मी लिहायला बसलो. एका डोळ्याने लिहितोय, ओळी तिरक्या जातील, चालवून घे. मी हरवलो नव्हतो, हिंडत होतो.

निळं घर बघून माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, ओळख. आपल्या घराचं नाही, लोकांच्या घरांचं आलं. डोळे एका रात्रीत बिघडत नाहीत. मग मागची दोन वर्षं मी ज्यांच्याकडे रंग मिसळला, त्या घरांचं काय केलं असेल? रात्रभर त्याच विचाराने अंथरुणात वळवळत होतो. उजाडल्यावर निघालो आणि एकेक घर बघत सुटलो. माणसं दारात येऊन विचारायची की काय पाहिजे. काय सांगणार? मी भिंतीशी नाक लावायचो आणि पुढे जायचो.

ठकी, सगळी बरोबर होती. मोतिया रंगाचं घर मोतियाच होतं, पांढरी कुंपणभिंत पांढरीच. दवाखान्याची राखाडी भिंत मी मिसळलेली मला पक्की आठवते, तीही जशी हवी तशी. आनंद व्हायचा सोडून माझं डोकं गरगरायला लागलं. कारण मी तसं मिसळूच शकलो नसतो. त्या दिवसांत तर मला चुना आणि लोणी यांतला फरक दिसत नव्हता.

मग तुझ्या काकाच्या दारात गेलो. आधी एकदा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरलो होतो. त्याने दार उघडलं आणि कोणता डोळा झाला ते विचारलं. आत नेऊन बसवलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, ते राहू दे, चहा घे. मी त्या घरांचं विचारलं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिला. शेवटी कबूल झाला की मी संध्याकाळी रंग तयार करून गेलो की तो सकाळी माझ्या आधी येऊन पिंप दुरुस्त करायचा, आणि रात्रभर मुरला की रंग जरा बदलतो असं मला सांगायचा. दोन वर्षं. आपल्या घरी मात्र मी पिंपाजवळून हललोच नाही, म्हणून त्याला तोंडाने सांगावं लागलं. आणि तेवढ्या एका वेळेला मी त्याला काय म्हणालो, ते तुला आईने लिहिलं असेलच. मला फार लाज वाटली. अजूनही वाटते.

इतके दिवस मला सांगितलं का नाहीस, असं मी त्याला विचारलं. तो कप विसळायला उठला आणि पाठमोराच म्हणाला की सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी काम सोडलं असतंस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. आणि मला एकट्याला परांचीवर भीती वाटते दादा, पहिल्यापासून वाटते.

एवढी वर्षं मी त्याच्या शेजारी त्याच फळीवर उभा होतो, आणि मला हे दिसलं नाही. त्याला मोतीबिंदूही कारण नाही.

दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. तोवर डॉक्टरांनी शिडीला हात लावू नका म्हणून बजावलंय. मग आम्ही दोघं मिळून घर पुन्हा रंगवू. आईशी मी बोलायला लागलोय. तिच्यावर रागावून बसायला मला मुळीच जमत नाही. पोस्टमनला मात्र आज फाटकाशी अडवून घराचा रंग विचारला. पांढराशुभ्र म्हणाला. त्याला डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.

परीक्षा संपल्या की ये. काकाही असेल. मधल्या फळीवर त्याच्या बाजूला मीच उभा राहणार आहे.

आठवण काढत राहणारे,
तुझे बाबा