मामीचं नाव विकणे आहे

चि. खारूताईस, मामाचे पोतंभर आशीर्वाद.

पाकीट पाहून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. माझा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण जन्मभर जमिनीवर बसून खुर्च्या विणणाऱ्याचा गुडघा कुरकुरायचाच. तू वेळेवर जेवतेस ना? (मामी विचारतेय. मला ठाऊक आहे, जेवत नाहीस.) मेलऐवजी कागद पाठवतोय, कारण आपला मेल बंद पडला आहे. तीच रामकहाणी सांगतो.

आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तू दुकानाची वेबसाइट काढून दिलीस. दुकानाचं नाव कुणीतरी आधीच घेतलेलं, म्हणून तू वेबसाइटला आणि मेलला मामीचं लाडाचं नाव दिलंस आणि एकदम दहा वर्षांसाठी नोंदवून मोकळी झालीस. जाताना बजावलंस, की पैसे मागणारा मेल आला की समजायचं चोर, उघडायचासुद्धा नाही. मी तुझा शब्द खाली पडू दिला नाही. यंदा एक चोर भलताच चिवट निघाला. आधी म्हणे नावाची मुदत संपत आली, मग म्हणे संपली, मग शेवटची संधी. मी दर वेळी त्याला केराची टोपली दाखवली आणि मामीसमोर कॉलर ताठ केली. तो चोर नव्हता, हे आता सगळ्या गल्लीला माहीत आहे.

कारण एका सकाळी समोरचा फोमवाला (तोच, वेतापेक्षा फोम बरा असं सांगून माझी गिऱ्हाइकं पळवणारा) मोबाइल नाचवत दुकानात आला. आपल्या खुर्च्यांच्या फोटोंच्या जागी टकलावर केस उगवणाऱ्या तेलाच्या जाहिराती (इथे तो माझ्या डोक्याकडे उगाच बराच वेळ पाहत राहिला), वर ठळक अक्षरांत मामीचं नाव आणि खाली 'विकणे आहे'. मामी मागे वेत भिजत घालत होती. तिने हात पुसले, वाचलं आणि आत निघून गेली. "वहिनी, मनाला लावून घेऊ नका, कुणी नाही घेतलं तर मी घेतो," असं हा गृहस्थ वर तिला ऐकवतो. झालं, तेव्हापासून अबोला. चहा मिळतो, पण कप असा आदळते की निम्मा बशीत.

अबोल्याची मला सवय आहे गं. पण या वेळी ती खरंच दुखावली. "पाटीवर तुमचं नाव, बिलावर तुमचं नाव. माझं एकाच ठिकाणी होतं, तेही सांभाळता आलं नाही," एवढंच काय ते बोलली. मला फार वाईट वाटलं.

एरवी म्हणशील तर मजेत आहे. मेल गेल्यापासून लोक मोडकी खुर्ची घेऊन थेट दारात येतात, विणून होईपर्यंत गप्पा मारतात. 'दर कळवा' असं लिहून गायब होणारे गायबच आहेत, आणि त्यांची मला आठवणही येत नाही.

पण मामीच्या नावाचं काय? कंपनी जुन्या मालकाला थोड्या दिवसांची सवलत देते, मग नाव ज्याला हवं त्याला. फोमवाला टपून बसलाय. हे काम तुझ्याशिवाय कुणाच्या बापाला जमणार नाही. फोनवरून सांगत बसू नकोस, सुट्टी काढ आणि ये.

तुझा मामा

ता. क. फोमवाल्यावर फार डूख धरू नकोस. कंपनीचा फोन नंबर त्यानेच शोधून दिला.

आणखी ता. क. आता नंबरचं बोलून गेलोच आहे, तर लपवण्यात अर्थ नाही. नाव परवाच परत मिळालं. कंपनीतल्या बाईने फोनवरच सगळं करून घेतलं. खुर्च्या दिसू लागल्या, मामी बोलू लागली (जेवणाचं तिने विचारलं तेव्हाच तुझ्या लक्षात यायला हवं होतं). मेलही चालू झालाय. पण काही मागणारा मेल उघडायचा नाही ही शिकवण तुझीच, म्हणून कागद.

शेवटचं. किती वर्षांसाठी करू, असं त्या बाईने विचारलं. मी दहा म्हणणार, तोच मामी मागून म्हणाली, "एकच. मागे दहाचं केलं, तर पोरगी दहा वर्षं फिरकली नाही." तेव्हा आता दर वर्षी मुदत संपणार आहे, आणि आम्हा दोघांना यातलं काहीएक कळत नाही, हे ध्यानात ठेव.