ईराच्या खांद्याला झेपेल अशी रायफल

प्रिय दादा,

आज पितृपक्षातली चतुर्दशी. वहिनीने पुण्याच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल करून तुझी तिथी विचारली, तर ते म्हणाले, शस्त्राने किंवा जनावराने गेलेल्यांचं श्राद्ध चतुर्दशीलाच करतात. गेल्या वर्षी तुझं वर्ष व्हायचं होतं म्हणून राहिलं, तेव्हा हे पहिलंच. बाकी सगळे आपापल्या तिथीला येणार आणि तुझ्यासाठी मात्र असा वेगळा दिवस काढून ठेवलेला! तुला कधी रांगेत उभं राहायला आवडलंच नाही म्हणा.

म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममध्ये, आपल्या घराच्या बाल्कनीत पान ठेवलं. वरण-भात, खीर, आणि तुला आवडतात तसे अळूवड्यांचे जाड तुकडे. कावळा लगेच शिवला. वहिनीचे डोळे भरून आले. म्हणाली, "बघ मनू, त्याची काही इच्छा राहिलेली नाही." मी मान डोलावली. दादा, तुझी राहिली नसेलही. घरात इच्छा राहिलीय ती ईराची, आणि म्हणून मी हे पत्र लिहायला बसलेय.

उद्या संध्याकाळी मी तुझ्या मुलीला घेऊन त्याच मचाणावर जाणार आहे. हो, त्याच. आणि खाली पुन्हा मका आहे. ते रान सांभाळणाऱ्या डॉक्टर ब्रुनरांनी शेतकऱ्याला यंदा दुसरं काही लाव म्हणून विनवून पाहिलं, पण शेत त्याचं आहे, ऐकतो कशाला? गेल्या रविवारी मी एकटी जाऊन बघून आले. मका माझ्या डोक्याच्या वर गेलाय आणि मचाणाच्या शिडीला टेकलाय. वारा अजिबात नव्हता. तरी आत कुठेतरी पानं सरकत होती, थांबत होती, पुन्हा सरकत होती. मी गाडीत येऊन बसले आणि बराच वेळ किल्लीच फिरवली नाही.

उद्या अमावास्या आहे हे वहिनीने मला दोनदा सांगितलं. ईराला सांगून उपयोग नाही, तिला अमावास्या म्हणजे फक्त चंद्र नसलेली रात्र.

शिकारीचा परवाना काढायचं खूळ तुझंच होतं रे! मी कायझर्सलाउटर्नची पीएच.डी. संपवून म्युनिकला आले, नोकरीत नीट रुळलेही नव्हते, आणि तू म्हणालास, "मने, शनिवारी मोकळी आहेस ना?" मला वाटलं, पोहायला जायचं असेल. गेलो ते शिकारीच्या क्लासला. वर्षभर आपण दोघं जनावरांचे दात, ठसे, लेंड्या पाठ करत बसलो, आणि पुण्यात आईला सांगत राहिलो की ट्रेकिंग ग्रुप लावलाय. दातांचे निवृत्त डॉक्टर ब्रुनर तिथे शिकवायला यायचे. त्यांनी आपल्याला त्यांच्या रानात, त्यांच्या रेव्हिअरमध्ये, यायची मुभा दिली. "भारतीय माणूस शांत बसतो," असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं. तुला ओळखत नव्हते अजून!

आता ईराने तोच परवाना काढलाय, तरुणांना मिळतो तो. सतराव्या वर्षी तिला एकटीला जाता येत नाही, स्वतःची रायफल घेता येत नाही. सोबत कुणीतरी अनुभवी माणूस लागतं. ते अनुभवी माणूस मी. रायफल माझ्या नावावर, कपाटाची किल्ली माझ्याकडे. आणि रायफल कुठली, तेही मीच ठरवायचं होतं. वहिनी एवढंच म्हणाली, "तुमच्या दोघांचं ते वेड. तूच काय ते बघ." त्यात किती राग होता ते तुला वेगळं सांगायला नको.

मी आधी तुझ्याच पद्धतीने गेले. तू म्हणायचास ना, जोरात धक्का देणारी रायफल माणसाला भित्रा करते. गोळी सुटायच्या आधीच खांदा आखडतो, डोळे मिटतात आणि नेम बिघडतो. इथले लोक त्याला 'मुकन' म्हणतात. तुझा खांदा क्रिकेटमध्ये मोडलेला असल्यामुळे तुला ते चांगलं ठाऊक होतं. हलक्या धक्क्याची रायफल, भरपूर सराव आणि योग्य जागी एक गोळी, हा तुझा धडा. मी दिवसभर ऑफिसात गाड्यांचे डॅम्परच तपासते, मला धक्क्याचं गणित कळतं. ईरा सडपातळ. तिच्यासाठी हलकीच हवी, यात वाद नव्हता.

डॉक्टर ब्रुनरही तेच म्हणाले. "हे बघ, मनीषा, मुलीला ट्रिपल टू दे, अगदी लहान गोळीची. खांद्याला कळतसुद्धा नाही. कोल्ह्याला चालते, हरणाला चालते. अजून काय हवं?"

इथलं हरीण आपल्या भेकराएवढं, त्याला ती पुरते, कायद्यातही बसते. मी खूश झाले. मग आम्ही ईराला शूटिंग रेंजवर नेलं.

ट्रिपल टूच्या पाच गोळ्या तिने एका वाटीत मावतील अशा लावल्या. ब्रुनरांनी टाळ्या वाजवल्या. पोरीने रायफल खाली ठेवली आणि म्हणाली, पापाची ती दुसरी, मोठी, ती बघायची आहे. तुझी थर्टी-ओ-सिक्स, दादा. डुकरासाठी घेतलेली आणि तुला कधीच न आवडलेली. मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "बिट्टं, आत्या." प्लीज. मी दिली. तिने झाडली. धक्क्याने ती चक्क मागे सरकली. मला वाटलं, झालं, हौस फिटली.

"नोख माल," म्हणाली. आणखी एकदा.

ती झाडतच राहिली. संध्याकाळी वहिनीने तिचा खांदा पाहिला, जांभळा पडला होता. पोरीने हूं की चूं केलं नव्हतं. आणि डोळेही मिटले नव्हते, मी बघत होते ना. इतक्या धक्क्याला डोळे उघडे ठेवणारी मुलगी पाहून ब्रुनर खूश झाले. मला मात्र कसंतरीच झालं.

परत येताना गाडीत तिने मागच्या सीटवरून ब्रुनरांना विचारलं, रानडुक्कर किती वर्षं जगतं? शिकवायची सवय असलेला माणूस, त्यांनी लगेच सांगायला सुरुवात केली. नर जपून राहिला तर दहाएक वर्षंसुद्धा. एकटा राहतो. मका उभा असला की त्यातून बाहेर पडत नाही. आपल्याकडचा तो मोठा आहे ना, डाव्या बाजूचा सुळा तुटलेला, तो या उन्हाळ्यातही रानातल्या कॅमेऱ्यात दिसला... आणि मग त्यांच्या लक्षात आलं आपण कुणाशी बोलतोय. मी आरशात पाहिलं. ईरा खिडकीतून बाहेर बघत होती, अगदी शांत.

दादा, तुझ्या मुलीला हरीण नकोय. तिला तुझा जीव घेणारा तो डुक्कर हवाय.

तू म्हणशील, मग सरळ नाही म्हण! मोडून टाक सगळं! अरे, तिला मार्चमध्ये अठरा पूर्ण होतात. मग तिला माझी सोबत लागणार नाही, माझ्या कपाटाची किल्लीही लागणार नाही. आज मी नाही म्हटलं तर ती भांडणार नाही, फक्त मार्चची वाट बघेल आणि एकटी जाईल. वाट बघणं तिला येतं. ते तिच्यात कुठून आलं कोण जाणे, तुझ्याकडून तर नक्कीच नाही!

थांबायचं होतंस रे! आपल्याला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. गोळी लागलेलं जनावर पिकात शिरलं की त्याच्या मागे जायचं नाही. मचाणावर बसून राहायचं, मग कुत्रा घेऊन येणाऱ्या माणसाला फोन करायचा. ते ओरडलं तरी बसायचं. आणि त्या संध्याकाळी तू गोळी घातलेली डुकराची मादी ओरडली असणार. तू बसलास नाहीस.

तुझ्या अंत्यविधीला सगळे शिकारी आले होते. त्यांच्या रिवाजाप्रमाणे एकेकाने हिरवी डहाळी तुझ्यावर ठेवली, आणि बाहेर पडल्यावर हळू आवाजात तेच तेच बोलत राहिले, कॅलिबर लहान पडलं. हातात मोठी रायफल असती तर डुकराला थोपवता आलं असतं. मोठी काय आणि लहान काय! ब्रुनरांना तू सापडलास तेव्हा रायफल तुझ्या पाठीवर होती. तुझ्या हातात पाण्याची बाटली होती, झाकण उघडलेली.

पोलिसांनी मला विचारलं होतं, जखमी जनावराकडे जाताना माणूस बाटली कशाला नेईल? त्यांच्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता. मी काय सांगणार होते? आमच्याकडे जाणाऱ्या जिवाच्या तोंडात पाणी घालतात, हे? आमच्या गल्लीत रिक्षाखाली आलेल्या कुत्र्याशेजारी माझा भाऊ भर उन्हात बसून राहिला होता, चमच्याने पाणी पाजत, शाळा बुडवून, हे? आई तेव्हा तुला रागावली नव्हती. म्हणाली होती, तडफडणाऱ्याला एकटं सोडू नये. आईने ते पुण्याच्या गल्लीसाठी सांगितलं होतं, दादा, जर्मनीतल्या मक्यासाठी नव्हे! त्या मक्यात आणखी कोण बसलंय, हे तुझ्या डोक्यातही आलं नसेल.

आणि सगळ्यात वाईट काय माहीत आहे? तुझी गोळी अगदी बरोबर लागली होती. ती मादी तुझ्यापासून चार पावलांवर पडली होती, तू शिडी उतरायच्या आधीच गेली असणार. तुझी हलकी, साडेसहा मिलिमीटरची रायफल काहीही कमी पडली नव्हती.

हे सगळं मी मागच्या महिन्यात ईराला सांगितलं. मुद्दाम सांगितलं, म्हणजे तिला कळावं की कॅलिबरचा दोष नाही आणि डुकराचाही तसा नाही, तो आपल्या जागी बसला होता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग जर्मनमध्ये विचारलं, "ती पाणी प्यायली का?"

मी म्हटलं, नाही गं, ती आधीच मेली होती.

"म्हणजे फुकटच," ती म्हणाली आणि उठून गेली. माझं समजावणं उलटंच झालं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता तूच सांग, मी काय निवडायचं होतं? मोठी दिली तर कायद्यानेच तिला डुकरावर मोकळीक. ट्रिपल टू दिली तर कायदा आड येतो खरा, पण तो सुळेवाला समोर आलाच तर तिच्या हातात काय? कोल्ह्यासाठीची गोळी. मी किती दिवस हे डोक्यात घोळवत होते. वहिनीशी बोलता येत नव्हतं, ब्रुनरांशी बोलले असते तर त्यांनी तिला रेव्हिअरमध्ये येऊच दिलं नसतं आणि मग पुन्हा तो मार्च.

शेवटी मी मधली घेतली, टू-फोर-थ्री. धक्का हलका, तिच्या खांद्याला सहज झेपणारा. हरणाला आणि कोल्ह्याला उत्तम. डुकराला कायद्याने साडेसहा मिलिमीटरची गोळी लागते, हिची सहा पूर्णांक दोनची, त्यामुळे डुकरावर बंदी. पण जोर मात्र भरपूर. जीवच वाचवायची वेळ आली तर कमी पडू नये. मला वाटलं, किती शहाणपणाचा निर्णय! तिचे हात बांधले आणि पाठही राखली. इंजिनिअरला असा मधला मार्ग सापडला की तो स्वतःवर फार खूश होतो, तुला माहीतच आहे.

आज जेवणं झाल्यावर मी तिला ती दाखवली. वहिनी भांडी घासायच्या निमित्ताने आत गेली. ईराने रायफल खांद्याला लावून पाहिली, बोल्ट मागेपुढे केला. मी हळूच म्हटलं, "हिने डुकरावर झाडायची नाही हं. कायद्यात बसत नाही."

"वाइस इख, आत्या." माहीत आहे.

मला हायसं वाटलं. तिने रायफल माझ्या हातात परत दिली, अगदी नीट, नळी जमिनीकडे धरून, शिकवल्याप्रमाणे. आणि मग तुझ्यासारखीच, ओठांच्या एका कोपऱ्यातून हसली. म्हणाली, "तीन दशांश मिलिमीटरच कमी आहे ना? डुक्कर काही मोजायला येत नाही."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. वहिनीने ऐकलं होतं.

दादा, ती आता माझ्यापेक्षा उंच झालीय आणि तिला माझी भीती वाटत नाही. तरी तुला वचन देते. उद्या गोळ्या माझ्या खिशात राहतील आणि समोर काय उभं आहे हे मी स्वतः पाहिल्याशिवाय तिच्या हातात एकही पडणार नाही. मचाणात शिडीच्या तोंडाशी मी बसेन. मक्यातून काहीही ओरडलं, कितीही ओरडलं, तरी तिला खाली उतरायचं असेल तर माझ्यावरून उतरावं लागेल.

तुझीच,
मनू