रुंद टायर

जळगाव, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९७०

आज सकाळी स्पोर्ट्स कारला एकदाचे रुंद टायर चढवले. महिनाभर हाच ध्यास होता. पहूरपर्यंत एकटाच जाऊन आलो. वळणावर गाडी जराही सरकली नाही! संध्याकाळी हौसेने सुमनला शेजारी बसवलं, तर पहिल्याच खड्ड्यात मागच्या डाव्या चाकातून खर्रर्र आवाज.

गाडी तशीच गॅरेजवर नेली. नारायण मिस्त्रीने वाकून पाहिलं. "भाऊ, बठ्ठं बरोबर शे, काही बिघाड नाही. तुम्ही एकटे बसले तर काहीच नाही. वहिनी बसल्या की गाडी दबते, टायर पत्र्याला घासतो."

सुमनच हसून म्हणाली, "मग राहू द्या. मी माहेरी अमळनेरला एसटीने जात जाईन."

बायको इतकं सहज कसं बोलून गेली? आणि मी काय म्हणालो? 'बरं.' बरं! जेवताना तिच्याकडे बघवेना. तो खर्रर्र अजून कानातून जात नाही.

उद्या जुनेच टायर परत चढवतो. लग्नानंतर वडील म्हणत होते, मोठी गाडी घे, बठ्ठं घर मावेल. मी हट्टाने दोन सीटची घेतली. शेजारी फक्त तीच बसावी म्हणून.