नकलेचा ठपका काढून येरणगावचा अहवाल स्पर्धेत घेण्याबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, बेलझरी,
जिल्हा यवतमाळ.

अर्जदार : सौ. कौसल्या डोमाजी मुनेश्वर, चिटणीस, महिला मंडळ, मौजे येरणगाव.

विषय : आदर्श महिला मंडळ स्पर्धेतील आमचा अहवाल बाद ठरविल्याचा फेरविचार होण्याबद्दल.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे पत्र, दि. १२ नोव्हेंबर १९६५.

महोदय,

१. संदर्भातील पत्रात असे कळविले आहे की, येरणगावचा अहवाल हा गेल्या वर्षी पहिला आलेल्या चिखलधरा गावच्या अहवालाची शब्दशः नक्कल असल्याने स्पर्धेतून काढून टाकला आहे. पत्र मंडळात मलाच वाचून दाखवावे लागले, कारण वाचणारी मीच. शकुबाई लगेच म्हणाल्या, "पाहा वं, चिटणीसबाईनं लहान्या बहिणीचं पाहून लेहेलं!" बाया हसल्या. मीही हसले, पण ते वरवरचे.

२. शकुबाई म्हणतात ती लहान बहीण म्हणजे चिखलधऱ्याच्या मंडळाची अध्यक्ष इंदूबाई. ती माझी सख्खी, चार वर्षांनी धाकटी. दोन्ही अहवाल अक्षर न अक्षर सारखे आहेत हे मला मान्य आहे. परंतु कोणी कोणाचे उतरविले ते कार्यालयाने उलटे धरले आहे.

३. खरा प्रकार असा. गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या नोंदणीला वर्ष पुरे झाले नव्हते, म्हणून आम्हांला भाग घेता आला नाही. त्याच सुमारास इंदू कोरे कागद घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, तूच लेही ना वं. मले चार ओळीच्या पुढं सुचत नाई." मी लिहावयास बसले. चिखलधरा मी लग्नकार्यापलीकडे पाहिलेले नव्हते. मग जे डोळ्यांपुढे होते ते लिहिले. एकवीस शोषखड्डे, त्यांच्या काठचा सुपाएवढ्या पानांचा अळू, बिनधुराच्या चौदा चुली, बालवाडीवर सावली धरणारा दुहेरी खोडाचा कडुनिंब, हे सारे येरणगावचे आहे. गावाचे नाव तेवढे चिखलधरा घातले.

४. तपासणी समिती त्या गावी गेली तेव्हा वाटेतल्या नाल्याला पाणी होते. गाडी अलीकडेच थांबली. सदस्य चालत इंदूच्या ओसरीपर्यंत पोहोचले व पुढील तपासणी अहवालावरूनच झाली असे समजते. इंदूच्या हातच्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या खाऊन उठवत नाही हे मला ठाऊक असल्याने यात मी कोणाला दोष देत नाही.

५. बक्षिसाचे शिवणयंत्र चिखलधऱ्याला गेले. ढाल हातात घेतलेला इंदूचा फोटो आमच्या माहेरी दाराच्या समोर टांगला आहे. आई आल्यागेल्याला दाखविते. अहवाल कोणी लिहिला हे एकदा मी आईला सांगितले. ती म्हणाली, "असंल बाई. पण फोटोत कशी गोड दिसते!" यावर अर्ज कोठे करावा ते मला माहीत नाही.

६. यंदा आमची पाळी आली. मी गेल्या वर्षीची कच्ची प्रत काढली. वाक्ये माझी, खड्डे आमचे, झाड आमचे. जे आहे तेच पुन्हा नवीन शब्दांत कशाला लिहावे असा विचार करून गावाचे नाव बदलले व अहवाल धाडला. चूक झाली असेल तर एवढीच. कच्ची प्रत खाडाखोडीसह सोबत जोडली आहे.

७. आपले पत्र आल्यावर मी पुरावा गोळा करण्याच्या इराद्याने चिखलधऱ्यास गेले. फाट्यावर एस.टी.तून उतरून तीन मैल चालले. लिहिलेल्यापैकी तेथे काय काय नाही त्याची यादी करून आपल्यापुढे ठेवायची, असे मनात होते. खोटे सांगत नाही, वाटेने मला फार बरे वाटत होते.

८. शोषखड्डे मोजले, तेवीस भरले. चुली आमच्यापेक्षा दोन जास्त. बालवाडीजवळ कडुनिंब नव्हता, तेव्हा वही उघडली. तर तेथे बोरीच्या काट्यांच्या कुंपणात वीतभर रोप दिसले. त्याला पाणी घालणाऱ्या रुखमाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "इंदूबाई दर बुधवारी अहवाल वाचून दाखोते. त्यात जे हाय अन् गावात नाई, ते करा लागते. झाड लेहेलं हाय ना, मंग लावा लागते." त्यांना मी कोण हे माहीत नव्हते.

९. इंदूला गाठून मी विचारले की, बक्षीस तर मिळाले, आता हा उपद्व्याप कायले? ती म्हणाली, "तुह्या हातचं लेहेलं खोटं कशी पडू देऊ मी?" मला तिचा फार राग आला, कारण राग धरायला तिने जागाच ठेवली नाही. सबब चिखलधऱ्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. यंत्र परत घेऊ नये.

१०. आणखी एक गोष्ट आपण होऊन कळविते. बाबांच्या ऐपतीत एकच पाटी होती व ती इंदूला मिळाली. ती खेळायला पळाली की मी तिच्या पाटीवरची अक्षरे चुलीपुढच्या राखेत बोटाने उतरवीत असे. माझे सारे शिक्षण तेवढेच. म्हणजे नक्कल मी केलेली आहे, पण ती पस्तीस वर्षांपूर्वी. अहवालात केलेली नाही. त्या शब्दाने मला एवढे का लागले ते साहेबांच्या ध्यानात यावे म्हणून लिहिले.

११. यंदाचा चिखलधऱ्याचा अहवाल इंदूने स्वतः लिहिला आहे. धाडण्याआधी मला वाचावयास दिला होता. बदलायला हात शिवशिवत होता, पण एक अक्षर बदलले नाही. चांगला आहे.

१२. तरी विनंती की,
(अ) आपल्या पत्रातील "नक्कल" हा शब्द खोडून तसे लेखी कळवावे, म्हणजे मंडळात शकुबाईंपुढे वाचता येईल.
(ब) सोबतचा नवीन अहवाल स्पर्धेत दाखल करून घ्यावा. तो सहा ओळींचा आहे. बाकीचे समितीने येऊन पाहावे. आमच्या वाटेत नाला नाही.
(क) दोन्ही गावे पाहून चिखलधऱ्याचा पहिला नंबर आला तर खुशाल द्यावा, तिने मेहनत केली आहे. मात्र तसे झाल्यास आम्हांला दुसरा देऊ नये. तिसरा चालेल. इंदूच्या आणि माझ्या मध्ये एखादे गाव असलेले बरे.

उत्तराकडे डोळे लावून,

आपली नम्र,
कौसल्या डोमाजी मुनेश्वर
(सही स्वहस्ते)

मौजे येरणगाव
दि. २९ नोव्हेंबर १९६५