समोरच्यांचं शून्य

कोपर, ७ डिसेंबर, रविवार संध्याकाळ

सूनबाईचा खोकला उतरला, नातवाचा कान बरा, माझी कंबर आहे तिथेच. राहिला सुमीचा गुडघा. ही माझी भाची, अकरा वर्षं हॉकीत बचावाला खेळते.

आज जेवता जेवता म्हणाली, "आत्या, उद्या संघ सोडते म्हणून सांगणार. समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला की पहिली मी धावायचे, चेंडू अंगावर घ्यायचे. आता तिथे नवी पोर उभी करतात. आणि पेपरात नाव येतं गोल करणारीचं. मी काय केलं गं एवढी वर्षं?"

पुडीच्या कागदावर अक्षरं लावत वाचायला शिकलेली बाई मी. उठले, बिस्किटांचा डबा आणला. तिचं नाव कधी छापून यायचं नाही, म्हणून पेपरात तिच्या सामन्यात समोरच्या संघाचं शून्य दिसलं की तेवढे गोलांचे आकडे कापून ह्यात ठेवायचे.

"अगं आत्या, तारीख कापलीस, गाव कापलंस! नुसती शून्यं!" हसत सुटली. मग एकेक उचलून ओळखायला लागली. "हे तीन-शून्य चिखलातलं. ह्यात चेंडू गोलरेषेवरून काढलेला मी." ताटातला भात गार झाला.

मग म्हणाली, "एवढ्यात नाही सोडत. त्या पोरीला धावायचं कसं ते आधी शिकवते." खरंच, की माझं मन राखायला? तारखा कापायला नको होत्या मी.

निघताना तिच्या पिशवीत कोरं पोस्टकार्ड टाकलं. म्हटलं, लवकर लिही बाई, आणि समोरच्यांचे गोल किती झाले ते आधी लिही.