पलीकडच्या काठाचा धोटा

पॅरिस,
ता. २ सप्टेंबर १९८२

सौ. गोपिकेस,

देवाजीकडून आशीर्वाद. मी इकडे खुशाल आहे, तुम्हीही असालच. हे पत्र ताराकडून वाचून घेऊ नकोस. चौथी शिकलेली आहेस, अक्षरं लावत लावत स्वतःच वाच. पोरीच्या तोंडून ऐकावं असं सगळंच यात नाही.

लंडनचे तीन आठवडे मजेत गेले. तिथं नदीवर एक पूल आहे, मोठी बोट आली की तो मधोमध दुभंगून वर उचलला जातो. गाड्या जमिनीखालून धावतात आणि खाली उतरायचा जिना आपला आपण चालतो. पहिल्या दिवशी मी त्याच्यासमोर एक पाय उचलून इतका वेळ उभा राहिलो की मागे रांग लागली. पण कोणी हूं की चूं केलं नाही.

इथं पॅरिसला लोखंडाचा उंचच उंच मनोरा आहे. वरून रस्ते असे सरळ दिसतात, जणू कोणी मागावर उभ्या सुताचा ताणा लावून ठेवलाय. पाव मात्र काठीएवढा लांब आणि कडक. तुझ्या जवसाच्या चटणीशी बरा लागतो. चटणी अर्धीअधिक आमचे हातमाग खात्याचे गिरिधरसाहेबच संपवून बसले आहेत.

प्रदर्शनात माझा माग अगदी दाराजवळ मांडला आहे. करवती काठाचं लुगडं लावलंय. दोन काठांचे दोन नि मधल्या अंगाचा एक, असे तीन धोटे आणि माझे हात दोन. मग काय, या काठाचा धोटा फेकायचा, उठायचं, मागाला वळसा घालून त्या काठाशी जायचं, तिकडून फेकायचा, परत यायचं. लोकांना वाटलं, हीच नागपुरी पद्धत. त्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. दिवसाला चार बोटं कापड होतं. गुडघे बोलायला लागले आहेत.

हस, हस. निघताना डबा हातात देऊन तू एवढंच म्हणालीस, "पलीकडून धोटा कोण फेकीन?" त्यानंतर स्टेशनवरही आली नाहीस. कशासाठी म्हणालीस ते मला तेव्हाच कळलं होतं, पण मी न कळल्यासारखं केलं.

लंडनचं एक सांगायचं राहिलं. एका म्युझियममध्ये काचेच्या कपाटात आपल्याकडचं लुगडं पाहिलं, शंभर वर्षांचं. करवती काठ, दात न् दात जिथल्या तिथं. प्रेमलता म्हणून आपल्याकडची एक मुलगी तिथं शिकते, तिनं पाटी वाचून दाखवली. गाव नागपूर, सूत कसलं, कोणत्या साहेबानं नेलं, सगळं होतं. विणणाऱ्याचं नाव मात्र माहीत नाही म्हणे. मला राग आला. मी तिला म्हटलं, "हे तं दोघायचं काम आहे जी, एकाचंही नाव नाही?"

बोललो आणि माझी मलाच लाज वाटली.

कारण गिरिधरसाहेब तांडापेठेत आपल्या घरी परदेशी जायचा फॉर्म घेऊन आले, तेव्हा तू मागावरच बसली होतीस, धोटा तुझ्या हातात होता. त्यांनी विचारलं, कोण विणतं? मी म्हटलं, मी. दोघं लागतात म्हटलं तर दुसऱ्यालाच नेतील, या भीतीनं म्हटलं. करवती काठ उमरेडला तुझ्या बापानं तुला शिकवला आणि तू मला. गोपिका, माझं चुकलं. तुझ्या तोंडावर हे मला बोलता आलं नसतं, म्हणून सातासमुद्रापलीकडून लिहितो आहे.

काल साहेबांना सगळं खरं सांगितलं. ते रागावले, मग त्यांनीच नवी पाटी लिहायला घेतली. आज ती मागावर आहे: गोपिका आणि देवाजी, नागपूर. इथले लोक तुझं नाव फार गमतीदार म्हणतात, पण म्हणतात.

पुढच्या वर्षी मॉस्कोचं बोलावणं आहे. मी सांगून टाकलं, "तिच्याबिगर मी नाही येत." फॉर्म सोबत आहे. तुझं नाव मी लिहिलंय, सही तुझी तू कर. मन नसेल तर चुलीत घाल, मीही जाणार नाही आणि पुन्हा विषय काढणार नाही. पंधरा तारखेला सकाळी गाडीनं पोचतो. स्टेशनवर आलीस तर बरं वाटेल.

उद्या पुन्हा मागाला वळसे घालायचे आहेत. त्या काठाशी पोचलो की दर वेळी वाटतं, ही तुझी जागा आहे.

या काठाशी एकटा बसलेला,
देवाजी